व्हीटी खरवडलं त्या दिवशी

माझं काम सांगितलं की लोकांना वाटतं मी वसुलीवाली आहे. तसं फार चुकीचंही नाही. विमान कंपन्या बरीचशी विमानं भाड्याने घेतात. करार संपला किंवा भाडं थकलं की मालक विमान परत मागतो आणि त्याच्या वतीने त्या विमानाचे कागद तपासायला मी जाते. प्रत्यक्ष विमान तपासणारा माणूस वेगळा असतो. पण कागद अपुरे असतील तर कोट्यवधींचं विमान भंगाराच्या भावात जातं, त्यामुळे भाव जरा मलाच जास्त.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं, उतरलं तेव्हा तारीख बदलली होती. पुढच्याच महिन्यात मी मुंबई विमानतळाच्या एका कोपऱ्यात, पाठीवर ऊन घेत, अकरा वर्षांच्या एका बोइंग ७३७-८०० खाली उभी होते. इंजिनांच्या तोंडावर झाकणं, वेग मोजायच्या पिटो नळ्यांवर लाल फिती लावलेली कव्हरं, खिडक्यांना आतून चंदेरी कागद. केबिनमध्ये मात्र कुणी काही आवरलेलं नव्हतं. बाराव्या रांगेतल्या सीटच्या खिशात 'जेटविंग्ज'चा अंक होता आणि त्यात कुणीतरी बोर्डिंग पासची खूण घालून ठेवली होती. टेक लॉगच्या, म्हणजे विमानाच्या उड्डाण-बिघाडांच्या वहीच्या, शेवटच्या पानावर वैमानिकाने बिघाडाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, 'निल'. दुरुस्त करण्यासारखं काहीही नसलेलं विमान जागच्या जागी उभं होतं.

कागदांची खोकी एक्केचाळीस. इंजिनातल्या तबकड्यांना ठरावीक आयुष्य असतं; भाग कोणता त्यावर पंधरा हजार ते तीस हजार सायकल. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. हा हिशेब त्या भागाच्या जन्मापासून सलग लागतो. मधली एक कडी जरी तुटली तरी तो भाग कितीही ठणठणीत असला तरी वापरता येत नाही. लँडिंग गिअरमधल्या, म्हणजे चाकांच्या पायांमधल्या, काही भागांनाही हाच नियम. चौथ्या दिवशी दुपारी माझं घोडं अडलं ते तिथेच. गिअरचं ओव्हरहॉल वर्षभरापूर्वी परदेशातल्या एका वर्कशॉपमध्ये झालं होतं. तिथून आलेल्या यादीत गिअर विमानाला जोडणाऱ्या एका ट्रनियन पिनचा नंबर एक होता, विमानावर बसवलेल्या पिनचा दुसरा. बदली पिन बसवून वर्कशॉपने तिचा पूर्वेतिहास पाठवायचंच राहून गेलं होतं. मी मेल टाकला. 'शोधतो' असं उत्तर आलं. या उत्तराचा अर्थ मी आजवर तीन आठवड्यांच्या आत कधी लागलेला पाहिलेला नाही.

उभ्या विमानाची निगा राखायला मालकाने काही जुन्या इंजिनिअरांना रोजंदारीवर घेतलं होतं. त्यातले एक पन्नाशीचे गृहस्थ रोज टायर थोडे फिरवून ठेवायचे, नाहीतर एकाच जागी भार पडून ते चपटे होतात. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम. पिनचं ऐकल्यावर ते काही न बोलता स्कूटरकडे गेले आणि डिकीतून खाकी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. लायसन्ससाठी इंजिनिअर आपापल्या कामांची नोंद ठेवतातच, पण यांनी गिअर बसवला त्या दिवशीचा पिनचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा वर्कशॉपचा वर्क ऑर्डर नंबर, सगळं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. "नंबर जुळत नव्हता ना मॅडम, तेव्हाच खटकलं होतं. विचारायला हवं होतं." वर्क ऑर्डर नंबर कळवल्यावर संध्याकाळी साडेसातला कागद आला. पिनच्या जन्मापासूनचा, सलग.

त्या संध्याकाळी चहा घेताना ते बोलले. १९९३ च्या मे महिन्यात जेट सुरू झाली ती भाड्याच्या चार ७३७ वर, आणि तीही एअर टॅक्सी म्हणून. नियमित विमानसेवेचा दर्जा १९९५ मध्ये मिळाला. त्यांची पहिली नोकरी दमानियामध्ये. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त एकामागून एक बंद पडल्या, जेट राहिली. "आम्हाला वाटायचं, आपण वाचलो ते वाचलोच." २००७ मध्ये १,४५० कोटींना एअर सहारा घेतली तिथून घसरण लागली, असं त्यांचं ठाम मत. माझ्या मते ते एकच कारण नव्हे. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांशी भाड्यात स्पर्धा आणि खर्च मात्र जेवणखाण देणाऱ्या कंपनीचा, हे गणित कुणालाही सुटलं नसतं. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने २४ टक्के हिस्सा घेतला तेव्हा थोडा श्वास मिळाला, इतकंच. शंभरावर विमानं असलेल्या कंपनीकडे शेवटी पाच उरली होती. आणि पगार थकल्याचं तर तेव्हा रोजच्या पेपरात येत होतं. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

बाकी सगळं भराभर झालं. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा परदेशी मालकांची विमानं इथे महिनोन्‌महिने अडकली होती. त्यानंतर नियम बदलला. आता मालकाने आयडेराचा कागद, म्हणजे नोंदणी रद्द करून विमान देशाबाहेर न्यायला विमान कंपनीने आधीच दिलेली संमती, दाखवून अर्ज केला की डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं त्या सकाळी दोन पोरं शिडी लावून शेपटीकडची, भारतातल्या नोंदणीची खूण असलेली व्हीटीची अक्षरं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडत होती. व्हिनाइल उन्हाने मऊ झालं होतं, लांबलचक सालं निघत होती. अंगावरच्या जेट एअरवेज नावावर पांढरा कागद चिकटवला तरी आतल्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. निळ्या शेपटीवरचा सोनेरी सूर्य तेवढा राहिला; तो रंगवायचं काम जिथे विमान जाणार तिथे होतं. 'एन'ने सुरू होणारा नवा, अमेरिकेतल्या नोंदणीचा नंबर लागला. सर खाली उभे राहून पडलेली सालं गोळा करत होते. धावपट्टीजवळ कचरा ठेवायचा नसतो, इंजिनात जातो. कचऱ्याच्या पिशवीत टाकता टाकता 'व्ही'चा एक तुकडा त्यांनी घडी घालून वहीत ठेवला.

"नवा नंबर लिहून घ्या ना, सर," मी म्हटलं.

"कशाला? एमएसएन पाठ आहे." कारखान्यात पडलेला तो क्रमांक देश बदलला, मालक बदलला तरी बदलत नाही. २००८ मध्ये हे विमान ताब्यात घ्यायला सिएटलला गेलेल्यांत ते होते, हे मला तेव्हा कळलं.

७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला, त्या रात्री त्यांचा मेसेज आला. सोबत एक फोटो. तेच विमान, आता मालवाहू झालेलं, खिडक्या बुजवलेल्या. खाली लिहिलं होतं, 'बारावी रांग गेली. गिअर तोच दिसतोय.'