सेऊलच्या चोरदरवाज्यातून बेगुनदे शिखरावर

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गिकेवरील गुपाबाल स्थानकात उतरलो, तेव्हा बसथांब्यावरची रांग पाहून मी क्षणभर गोंधळलो. कारण रांगेतले बहुतेक जण साठीच्या पुढचे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर सॅक व हातात काठी होती. आम्ही सारे बुखानसानला निघालो होतो. नव्वद लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला लागूनच हा डोंगर उभा आहे, १९८३ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सुमारे ८० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात वर्षाकाठी पन्नास लाखांहून अधिक लोक येतात.

मी पश्चिमेची वाट मुद्दाम निवडली होती, कारण ती डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याच्या देसोमुन नावाच्या मोठ्या पश्चिम दरवाज्यातून आत जाते. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला डोंगरावर तटबंदी दिसली की तिची कुळकथा जाणून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ही कथा पराभवातून सुरू होते. १६३६ च्या हिवाळ्यात उत्तरेकडून मांचुरियातल्या मांचू फौजा चालून आल्या, तेव्हा कोरियाचा राजा इंजो शहराच्या आग्नेयेकडील नामहानसानसोंग किल्ल्यात जाऊन बसला. परंतु दीड महिन्याच्या वेढ्यानंतर, १६३७ च्या आरंभी, त्याला बाहेर येऊन शरणागती पत्करावी लागली. ती नामुष्की जोसन दरबार, म्हणजे तेव्हाचे कोरियाचे राजघराणे, विसरला नाही. १७११ मध्ये राजा सुकजोंगच्या कारकिर्दीत बुखानसानच्या कड्यांना जोडत ही तटबंदी बांधली गेली, आत राजासाठी निवासस्थान आणि धान्याची कोठारे उभी राहिली, आणि पहाऱ्याचा मोठा भार आतल्या मठांतील भिक्षू-सैनिकांवर सोपवण्यात आला. मात्र ज्या वेढ्याच्या धास्तीने एवढा खटाटोप झाला, तो वेढा कधी पडलाच नाही.

दरीतली वाट प्रथम ओढ्याच्या काठाने, लाल झालेल्या मेपलच्या सावलीतून सौम्यपणे चढते. नंतर मात्र दगडांच्या पायऱ्या सुरू होतात आणि त्या संपता संपत नाहीत. वरून उतरणारे लोक थांबून ‘आलंच आता’ असे सांगत होते. हे आश्वासन मला तासाभरात चार वेळा मिळाले आणि चारही वेळा मनापासून दिलेले वाटले. एका दगडावर बसलेल्या आजींनी मला हाताने खूण करून थांबवले आणि सोललेली अर्धी काकडी पुढे केली.

खिंडीत तटामध्ये एक बुटका दरवाजा आहे. त्याचे नाव बेगुनबोंग-आम्मुन. त्यातल्या ‘आम्मुन’चा अर्थ गुप्त दरवाजा, म्हणजे आपला चोरदरवाजाच! डोक्यावर नगारखाना नाही, कमानीचा डौल नाही. शत्रूच्या नजरेत न येता रसद व माणसे आतबाहेर नेण्याची ही सोय. दोन देशांतल्या गडकऱ्यांना एकमेकांचा पत्ता नसताना एकच युक्ती सुचली, याचा मला त्या खिंडीत विलक्षण आनंद झाला.

तिथून शिखरापर्यंत उघडा ग्रॅनाइट आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांनी रचला गेला; हा खडक मात्र ज्युरासिक काळात जमिनीखाली खोलवर थिजला आणि वरचे ओझे झिजून गेल्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेला, म्हणूनच इथले सुळके इतके गोल आणि गुळगुळीत आहेत. पोलादी दोरांना धरून लोक वर चढत होते आणि त्याच दोरांना धरून काही उतरत होते, त्यामुळे अरुंद जागी एकाने अंग चोरून उभे राहायचे व दुसऱ्याला वाट द्यायची. ८३६ मीटर उंचीच्या बेगुनदेवर कोरियाचा ध्वज फडकत होता. समोर इन्सुबोंगच्या नग्न कातळावर मुंगीएवढे प्रस्तरारोहक चढताना दिसत होते. तो, मान्ग्यंगदे आणि पायाखालचे बेगुनदे ही तीन शिखरे मिळून या डोंगराला ‘सामगाकसान’, म्हणजे तीन शिंगांचा डोंगर, हे जुने नाव मिळाले आहे. दक्षिणेला सेऊल पसरले होते. मी गिमबापची, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताची, वळकटी सोडली आणि अर्धा तास तसाच बसून राहिलो.

उतरताना पूर्वेकडची, उई-दोंगची वाट धरली. पायथ्याशी बुटांवरची धूळ उडवण्यासाठी हवेच्या नळ्या लावलेल्या असतात आणि त्यांच्यापुढेही रांग असते. माझे बूट झाल्यावर शेजारच्या आजोबांनी काही न बोलता मला खांद्याला धरून वळवले आणि पाठीवर, सॅकवर, कोपरांवर चिकटलेली ग्रॅनाइटची पांढरी माती आपल्या नळीने नीट उडवून दिली.