कूलंट बदलताना खरं काम हवा काढण्याचं

आज सकाळी गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं. इंजिन रात्रभर थंड झालेलं असेल तरच रेडिएटरची कॅप उघडावी. गरम असताना आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

खाली पसरट टब ठेवून रेडिएटरचा ड्रेन प्लग सोडायचा. प्लग नसेल तर खालच्या होजचा (रबरी पाइपचा) क्लॅम्प. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, थंड झालं की पुन्हा रिकामं करायचं. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. बोअरचं पाणी नकोच, क्षार आत धरतात.

इथे बरेच जण चुकतात: फ्लशचं, म्हणजे आतून धुतल्याचं, थोडं पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये उरतंच. त्यावर रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं की मिश्रण पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्यावं. एकूण क्षमता ४ लिटर असेल तर आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट, वरची भर डिस्टिल्ड वॉटरची. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा.

सावकाश ओता. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरून कॅप लावा. पंखा एकदा लागून बंद झाला पाहिजे. तापमानाचा काटा चढतोय आणि हीटरमधून गार हवा येतेय, म्हणजे आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे; इंजिन लगेच बंद करा.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात अजिबात ओतू नका. ते चवीला गोड, पण विषारी. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे द्या.