एवढ्याशा स्टुलाला एवढे दिवस का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तीन आठवडे झाले, लाकडाला अजून करवत लागलेली नाही आणि टेबलावर कागदांचा ढीग आहे. भेटेल तो म्हणतो, एक फळी, चार पाय, त्यात आखायचं काय?

पूर्वी मीही हेच म्हणायचे. माप डोळ्यांत असतं, हात बसला की कागद कशाला! त्या भरात आईसाठी पहिलं स्टूल केलं. फळी 40 सेंटीमीटर लांब, उंची 30. पाय दोन्ही टोकांपासून 8 सेंटीमीटर आत आणि अगदी सरळ, कारण तिरकी भोकं पाडायची मला भीती वाटत होती. तेव्हा मात्र सगळ्यांना सांगितलं की सरळ पाय नीटनेटके दिसतात. दिसतही होते. रंधा मारून फळी इतकी गुळगुळीत केली होती की आई येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची.

एका दुपारी ती त्याच्या टोकाशी बसली आणि खाली पडलेला चष्मा घ्यायला बाजूला वाकली. मी समोरच होते. आवाजही फारसा झाला नाही. दुसरं टोक उचललं गेलं, स्टूल तिच्या अंगाखालून निसटलं आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत तिची वेणी मी घालत होते आणि विचारायला येणाऱ्यांना सांगत होते, "आई अगदी कडेला बसली ना, म्हणून." ती ऐकायची, काही बोलायची नाही. स्टुलाला काही झालं नव्हतं, ओरखडासुद्धा नाही.

कडेला माणूस बसणारच. पाय जमिनीला टेकतात त्या चौकटीबाहेर भार गेला की स्टूल उलटतं, आणि माझी चौकट फळीपेक्षा दोन्हीकडे 8 सेंटीमीटरनं आखूड होती. पायांना लांबीच्या दिशेनं 15 अंशांचा कल दिला असता, तर 30 सेंटीमीटर उंचीला ते जवळपास तेवढेच बाहेर टेकले असते. पेन्सिलीची एक तिरकी रेघ.

पण कागद असता तर ती पडली नसती, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कागदावर कुणी बसत नाही, वाकत नाही. आणि हे तीन आठवडे सगळे आखण्यातच गेले असंही नाही. काही दिवस करवत हातात घ्यायचा धीरच झाला नाही. तरी काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. पायाचं टोक फळीच्या भोकात घट्ट बसावं म्हणून त्यात ठोकायची पाचर फळीच्या लाकडातल्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेनं ठोकली तर फळीच उकलते. तीन पाय खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाहीत, पण त्रिकोणाबाहेर भार लवकर जातो. म्हणून चार. निदान कालपर्यंत तरी चार.

परवा जुनी पुस्तकं रचून त्यावर फळी ठेवली आणि आईला बसवलं. 30 ला तिला उठता येईना. 38 ला गुडघ्यांवर हात टेकून उठली. 42 ला नुसतीच उठली. म्हणजे उंची 42. पण त्या उंचीला 15 अंशांनी पाय 11 सेंटीमीटर बाहेर जातात, फळीच्याही पुढे, आणि तिथे तिचंच पाऊल अडखळेल. 11 अंश पुरतील असं वाटतंय. ते आज पुन्हा काढते आहे.