बंद पडलेल्या रँकसाठी अडलेला फॉर्म

वेळणेश्वरला आमचं घरगुती निवास आहे. एका पर्यटन कंपनीच्या यादीत नाव घालायला ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. आधार, पॅन, खोल्यांचे फोटो सगळं चढलं आणि एका रकान्यावर गाडी अडली: ‘वेबसाइटची अलेक्सा रँक’. शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

अलेक्सा रँक म्हणजे वेबसाइटवर किती लोक येतात याच्या अंदाजावरून लावलेला तिचा क्रमांक (बोलणारी अलेक्सा वेगळी). अॅमेझॉनने अलेक्साची ही क्रमवारी १ मे २०२२ला बंद केली. मग आकडा आणू कुठून? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना, शून्य टाकलं तर ‘आकडा चुकीचा’. हेल्पलाइनवर दरवेळी नवा मुलगा आणि उत्तर तेच, “मॅडम, कंपलसरी आहे, काहीतरी टाकून द्या.” काहीतरी कसं टाकू? खाली ‘वरील माहिती खरी आहे’ यावर टिक माझी असणार! एकाने दुसऱ्या साइटवरून रँक काढायला सांगितलं. तिथे आमच्या वेबसाइटचा पत्ता टाकला, तर ‘पुरेशी माहिती नाही’.

ती नसणारच. या साइट्स तुमच्याकडे आलेली माणसं मोजत नाहीत. काही लोकांच्या ब्राउझरमधून वगैरे मिळालेल्या नमुन्यावरून अंदाज बांधतात. गुहागर तालुक्यातल्या छोट्या साइटची माणसं त्या नमुन्यात येणार किती? अलेक्सा चालू असतानाही एक लाखापुढचे क्रमांक भरवशाचे धरू नका, असं ती स्वतःच सांगायची. मोठ्या वृत्तपत्रांना, जाहिराती विकणाऱ्यांना रँकचा उपयोग असेल. आम्हाला नाही. तरी आमचा अर्ज तेवढ्यासाठी अडवून ठेवलेला, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी फोन बंद केले आणि लेखी मेल पाठवला. अलेक्सा बंद झाल्याची तारीख लिहिली, सोबत गूगल सर्च कन्सोलचे, म्हणजे गूगलवरून आपल्या साइटवर किती लोक आले ते दाखवणाऱ्या साधनाचे, स्क्रीनशॉट जोडले. मग कुठे एका जबाबदार बाईंचा फोन आला आणि तो रकाना ऐच्छिक झाला. माझ्यामागून अर्ज करणाऱ्यांचीही सोय झाली, याचं मला फार समाधान आहे. तुम्हीही अडलात तर मेलच करा, तोंडी बोलण्याची नोंद राहत नाही.

सर्च कन्सोल फुकट आहे. लोक काय शोधत आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. आमच्या यादीत सगळ्यात वर ‘धोपावे दाभोळ फेरी वेळ’, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीची वेळ! दापोलीकडून येणाऱ्यांसाठी रस्त्याचं एक पान टाकलं होतं, लोक त्यावरच उतरत होते. खोल्यांची माहिती आणि फोन नंबर त्याच पानावर घेतला, आणि “फेरी बघताना तुमचं सापडलं” म्हणणारे फोन येऊ लागले.

आणि हो, ‘महिन्याला इतके द्या, रँक वर आणतो’ म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. ते खोट्या भेटी वाढवतात, त्यातला एकही पाहुणा जेवायला येत नाही. कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतचीच माहिती राहते, तेव्हा मे महिन्याचा सीझन संपला की ती उतरवून ठेवा. पावसात रेंज गेली की ते राहूनच जातं.