इंजिन खोलू की गाडीच काढून टाकू?
आज परशुराम घाटात आमच्या म्हातारीने, म्हणजे गाडीने, असा निळा धूर सोडला की मागचा एसटीवाला हॉर्न द्यायचंच विसरला. ३ लाख किमी झालेत म्हणा. चिपळुणात मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर भकाभक धूर, म्हणाले पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर बोअर करून (म्हणजे आतून घासून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकू, तिसरा गिअर सुटतोय तर गिअरबॉक्सपण खोलू, नायतर जुन्या बाजारातलं इंजिन बसवा, पण मग आरसीवर इंजिन नंबर बदलायला आरटीओच्या फेऱ्या आल्याच. बाबांचं एकच, "आधी चासी, खालचा सांगाडा बघ रे, गुहागरची खारी हवा खाल्लेय तिने." टोचून बघितली, टणटणीत! (सायलेन्सर मात्र हातात आला.) मग बोअरच ठरलं, दुसऱ्याचं इंजिन किती पळालंय कोण सांगणार? गणपतीपर्यंत एसटी झिंदाबाद 😅