तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेतली प्रार्थना आणि आपलं मूल

प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी गोव्यातल्या आमच्या म्हापशाच्या बाजारात, कधी देवळाच्या पायरीवर, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तिथं. ‘बाई, तुम्ही आयुष्यभर सरकारी मराठी शाळेत शिकवलंत आणि मुलीला मात्र कॉन्व्हेंटमध्ये घातलीत. तिथं रोज त्यांची प्रार्थना, मिसा म्हणजे चर्चमधली उपासना, खुरीस म्हणजे छातीवर क्रूसाची खूण काढणं. तुम्हाला चाललं?’

एक गोष्ट सोडून सगळं चाललं. ती एक गोष्ट मात्र मला फार लागली, आणि तीच मी स्वतः माझ्या वर्गात करत आले होते. म्हणून उत्तर जरा लांबतं.

मुलगी चौथीत होती. एका संध्याकाळी हातपाय धुताना तिनं सहज सांगितलं, की महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांना कपेलात, म्हणजे शाळेच्या छोट्या प्रार्थनाघरात नेतात आणि सगळ्यांबरोबर गुडघे टेकायला लावतात. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सिस्टरनी शांतपणे कपाटातून प्रवेशअर्ज काढला. खाली छापलेलं होतं, शाळेचे सर्व नियम व उपक्रम मान्य आहेत, आणि त्याखाली माझीच सही. त्या दिवशी मी सहासात ठिकाणी सह्या केल्या होत्या. एकही ओळ वाचली नव्हती. सिस्टर वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही.’ ते खरंच होतं.

त्यांनी लगेच सोय केली. कॅथलिक मुलींचं दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, चालू असताना बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास होताच. आता पहिल्या शुक्रवारी ज्यांच्या घरून चिठ्ठी येईल त्यांनी वाचनालयात बसायचं ठरलं. चिठ्ठ्या आल्या तीन. तीन मुली, कुलूप लावलेली पुस्तकांची कपाटं आणि पलीकडून ऐकू येणारी गाणी. तिसऱ्या महिन्यात मुलगी म्हणाली, ‘आई, मला तिथं नाही बसायचं. बाकीच्या विचारतात, तुम्ही काय केलंत म्हणून बसवलंय. मी कपेलात मागच्या बाकावर बसते. गाणी ऐकते. खुरीस नाही काढत.’ मी हो म्हटलं. सुटका मागून आणली ती मी, आणि तीच तिला शिक्षेसारखी झाली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो, हेही लोक विचारतात. संविधानाचं कलम 28 त्यासाठीच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत ते देता येतं, उपासनाही होऊ शकते. पण कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय त्यात भाग घ्यायला लावता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. कलम 30 मुळे अल्पसंख्याक समाजाला आपल्या शाळा स्थापून आपल्या पद्धतीनं चालवता येतात, ते योग्यच आहे. पण त्या हक्कात दुसऱ्याच्या मुलाचे गुडघे टेकवून घेण्याचा हक्क येत नाही. माझ्या मते अर्जाच्या तळाशी छापलेली एक ओळ म्हणजे संमती नव्हे. संमती म्हणजे विचारणं, आणि नाही म्हणायला खरीखुरी जागा ठेवणं.

धर्माबद्दल शिकवणं ही वेगळी गोष्ट. अरुणा रॉय यांच्या याचिकेवर 2002 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं हा फरक केला आहे: निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणं म्हणजे कलम 28 मधलं धार्मिक शिक्षण नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक शाळेनं मुलांना मशिदीत नेलं, त्यावरून गदारोळ झाला आणि मुख्याध्यापक निलंबित झाले. तिथं नेमकं काय घडलं यावर दोन्ही बाजू वेगळं सांगत होत्या, त्यात मी पडत नाही. पण मशीद आतून पाहिल्यानं मूल बिघडतं, हे मला पटत नाही. मी माझ्या वर्गाला जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च दाखवलं आहे आणि मंगेशीचं देऊळही. पाहणं आणि करायला लावणं यातला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आता माझ्या शाळेचं.

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत सरस्वतीपूजन म्हणजे वर्षाचा मोठा दिवस. मातीची मूर्ती येते, पताका लागतात, आया फुगड्या घालतात, संध्याकाळी भजन. हे आम्हाला इतकं जवळचं का, ते समजून घ्यायला हवं. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, तोवर इथं कॅथलिक धर्म राज्याचा धर्म होता. त्या काळात आमच्या मराठी शाळा देवळांच्या अग्रशाळांत म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या जागांत, कुणाच्या तरी ओसरीवर भरायच्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं नावच सांगतं, की घराघरातून मूठमूठ तांदूळ बाजूला काढून शाळा उभी राहिली, साल 1908. तिकडे चर्चच्या आवारातल्या पॅरिश शाळांत दोतोर्नाबरोबर वाचन आणि स्वरलेखन शिकवलं गेलं, गोव्याला इतके वादक मिळाले ते त्यातूनच. म्हणजे दोन्हीकडची शाळा देवाच्या दारातच वाढली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव सरकारी शाळा उघडल्या तेव्हा सरस्वती आमच्याबरोबर त्या शाळेत आली. तिला कोणी मुद्दाम आणलं असं कुणालाच वाटलं नाही. पण शाळा आता सगळ्यांची होती.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुसलमान मुलगा होता. वडील ट्रकवर कामाला. पूजेच्या दिवशी तो दारापाशी उभा होता, पाटी छातीशी धरून. मी म्हटलं, ‘ये पुढे, फूल वाहा.’ तो आला आणि फूल आपल्या पाटीवर ठेवलं. मला वाटलं, बिचाऱ्याला समजलं नाही. मी त्याचं मनगट धरलं, फूल त्याच्या बोटांत दिलं आणि हात मूर्तीच्या पायाशी नेला. अगदी मायेनं. त्याचं मनगट ताठ झालं होतं. माझ्या हाताला ते कळलं, आणि मी तरीही नेला.

पुढच्या वर्षी, कपेलाच्या त्या प्रकरणानंतर तीन महिन्यांनी, पूजेच्या दिवशी तो आलाच नाही. हजेरीपटावर लाल पेनानं गैरहजर लिहायला घेतलं आणि हात थांबला. सिस्टरांच्या टेबलापलीकडे बसून मी जे बोलले होते ते सगळं आठवलं. माझ्याकडे तर सहीसुद्धा नव्हती. मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वडील म्हणाले, ‘बाई, शाळेवर राग नाही. त्याला सजावट करायला आवडते, पण तुम्ही हात जोडायला लावाल म्हणून तो घाबरला.’ पुढच्या वर्षी त्यानं पताका कापल्या, फळ्यावर मोर काढला, आणि आरतीच्या वेळी आणखी चार मुलांबरोबर अंगणात खुर्च्या मांडत होता. ती चार मुलं हिंदू होती. खुर्च्या मांडायला कोणीतरी लागतंच. मुलीच्या वाचनालयावरून मी एवढं शिकले होते, की वेगळं बसवायचं नसतं, काम द्यायचं असतं. पंचखाद्य त्याच्यासाठी नैवेद्याआधीच वेगळं काढून ठेवलं.

तेव्हा शाळा निवडताना काय बघायचं ते सांगते. प्रार्थना कोणाची आहे, यापेक्षा मुख्याध्यापकांना हे विचारा: माझ्या मुलानं हात जोडले नाहीत तर काय होईल? उत्तर यायला लागणारा वेळसुद्धा पुष्कळ सांगतो. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभं राहून, पण धर्मश्रद्धेपोटी न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प उभं राहणाऱ्या मुलाला जागा आहे, एवढं तरी प्रत्येक शाळेला माहीत असावं. तक्रार करायची तर लेखी, आधी वर्गशिक्षकांकडे, आणि मुलाच्या तोंडून निरोप पाठवून नव्हे. त्याला रोज तिथं बसायचं असतं. आणि त्याला काय वाटतं, ते विचारा. मी माझ्या मुलीला ते शेवटी विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत, त्या माझ्या हिंदू पालकांना आणखी एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपणच. पूजेची वर्गणी ठरवताना दुसऱ्या धर्माच्या एकदोन घरांचं मौन म्हणजे होकार समजू नका. बैठकीत ते बोलणार नाहीत. त्यांच्या दारी जाऊन विचारावं लागतं.

निवृत्त होईपर्यंत मी दर नवरात्रात एक चिठ्ठी घरी पाठवत असे, सगळ्यांच्या घरी, नावं न निवडता. कोणाला हवी असेल तर जशीच्या तशी घ्या:

‘शुक्रवारी शाळेत सरस्वतीपूजन आहे. तुमच्या मुलानं पूजेत बसावं, की सजावट व इतर कामात असावं, की घरी राहावं, हे त्याला विचारून खाली लिहा. कारण लिहायची गरज नाही. तिन्हीपैकी काहीही लिहिलंत तरी त्याची हजेरी लागेल.’