सोबत कोण?

गाडी घेऊन एकट्याच दूरवर कशा जाता, असे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर हा लिहिण्याजोगा विषय आहे असे मला कधी वाटले नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्षातून एकदा मी माझी लहान गाडी घेऊन गोव्यातल्या म्हार्दोळहून दूरच्या प्रवासाला एकटी निघते आणि परत आल्यावर लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या पायरीवर किंवा मासळीबाजारात कोणीतरी हटकून विचारते, "बाई, एकट्याच जाता? भय वाटत नाही?" शेजारीण कोकणीतून विचारते, जुने विद्यार्थी मराठीतून विचारतात आणि वाटेतल्या लॉजवरचा मुलगा नोंदवही पुढे सरकवत हिंदीतून विचारतो, "साथ में कौन है?"

सोबत असली म्हणजे माणूस सुरक्षित असतो, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. गाडीपुरता माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो कसा आला हे सांगायचे तर एक गोष्ट कबूल करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण पंढरपूरहून परत येत होतो: भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि गाडी चालवणारी मी. बेळगावात जेवण उरकेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले. हात धुताना मला झोप जाणवली होती आणि इथेच मुक्काम करावा असे मनातही आले होते. पण मुलांची दुसऱ्या दिवशीची शाळा, भावाची ड्युटी आणि सकाळी आठला दारात येऊन उभा राहणारा गवंडी, या सगळ्यांपुढे माझ्या झोपेचे कारण मलाच क्षुल्लक वाटले. जांबोटी मागे पडेपर्यंत गाडीत सगळे झोपले होते. कणकुंबीच्या अलीकडे कुठेतरी डावी चाके रस्ता सोडून खडीवर उतरल्याच्या आवाजाने मी जागी झाले. जागी झाले, म्हणजे त्याआधी झोपले होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. माझे डोळे तीनच सेकंद मिटले असतील असे धरले, तरी पन्नास मीटर रस्ता गाडी कोणाच्याच हाती नव्हती. चोर्ला घाटाची वळणे तर त्यानंतर सुरू होतात. गाडीतल्या चौघांपैकी कोणाला काही कळले नाही आणि मीही सांगितले नाही. वहिनीला ते आज हे वाचून कळेल.

त्यांची काही चूक नव्हती. मी तोंड उघडले असते तर भावाने बेळगावातच खोली घेतली असती. पण गाडीत माणसे असली की थांबण्यासाठी चालकाला कारण द्यावे लागते, आणि झोप हे कारण द्यायची आपल्याला लाज वाटते. चहासाठी थांबू म्हटले तर कोणाची हरकत नसते. झोप येते म्हटले की एक जण घाबरतो, दुसरा गाणी लावतो आणि तिसरा म्हणतो, आता राहिलेच किती! एकटी असते तेव्हा हे संभाषणच होत नाही. सावली दिसली की मी थांबते.

झोपेचा हिशेब मी त्यानंतर नीट शिकून घेतला. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत शरीर आपणहून मंदावते. आदल्या रात्री कितीही झोप झाली असली तरी दुपारची ती ओढ थोडीफार राहतेच. काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणे या उपायांनी चार-पाच मिनिटे हुशारी वाटते इतकेच. झोप तिथेच दबा धरून बसलेली असते. कॉफी लागू पडते, पण तिला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणून मी आधी कॉफी पिते आणि मग खुर्ची मागे टाकून वीस मिनिटांचा गजर लावून झोपते. उठेपर्यंत दोन्हींचा गुण येतो. दुपारी एक ते साडेतीन दुकानांच्या फळ्या लावून आडवे होणाऱ्या मुलखात माझे आयुष्य गेले आहे. या बाबतीत गोंयकारांना कोणी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही, फक्त स्टीअरिंग हातात आले की आपण ती अक्कल घरी ठेवून निघतो.

आजवरचा माझा सर्वांत लांबचा प्रवास राष्ट्रीय महामार्ग 52 चा. हा रस्ता आपल्या शेजारी, कारवारच्या पुढे अंकोल्याला सुरू होतो आणि सुमारे 2,300 किलोमीटर जाऊन पंजाबात संगरूरला संपतो, हे नकाशात पाहिले त्या दिवसापासून मला चैन नव्हते. समुद्राच्या वासात सुरू होणारा रस्ता गव्हाच्या शेतांत संपतो, तोही एकाच क्रमांकाने! जानेवारीत हरियाणा-पंजाबात धुके असते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस निघाले. बोरीच्या पुलावरून मडगाव, काणकोण, पोळे, कारवार आणि अंकोल्याहून अरबैल घाट चढून हुबळी. रोज चारशेच्या आसपास किलोमीटर, सूर्य मावळण्याआधी मुक्काम, असे सहा दिवस लागले.

कंटाळा येत नाही का, हा त्या प्रश्नाचा धाकटा भाऊ. मी नद्या मोजते. कोल्हारला कृष्णा, सोलापूरच्या अलीकडे भीमा, शहागडला गोदावरी, शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटला नर्मदा, कोट्याला चंबळ. प्राथमिकच्या मुलांकडून मी ही नावे अनेक वर्षे घोकून घेतली, पण दख्खनच्या पठारावरून जाताना पूर्वेकडे वाहणारे पाणी कुठे संपले आणि पश्चिमेकडे जाणारे कुठे सुरू झाले, हे माझ्या लक्षात आले ते गोदावरी आणि तापीच्या मध्ये, कन्नडचा घाट उतरताना. (कर्नाटक सोडून दीड दिवस झाल्यावर कन्नड नावाचे गाव लागते, ही गंमत सांगायला मात्र शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हते, आणि ती उणीव मला खरोखर जाणवली.) तुळजापूरला चहावाल्याने विचारले, "गोव्याच्या तुम्ही? मग मराठी कसं काय येतं?" मी म्हटले, शिकवत होते. त्याचा विश्वास बसला नसावा.

लोकांना वाटते ती भीती माणसांची असते. मला भीती वाटते ती भर दुपारी, गावापासून दूर चाक बसण्याची. स्टेपनी लावायला मी निवृत्तीनंतर शिकले आणि अंगणात दोनदा सराव केला, पण टोंक सोडून जयपूरकडे जाताना चाक खरेच बसले तेव्हा नट हलेनात. निघण्यापूर्वी ज्या दुकानात टायर बदलले होते तिथे ते हवेच्या मशीनने आवळलेले होते. पान्यावर मी दोन्ही पायांनी उभी राहिले, तरी काही नाही. मागून आलेला एक ट्रक थांबला. चालक उतरला, त्याने माझ्याकडे आणि पान्याकडे पाहिले आणि आपल्या केबिनमधून दोन हात लांबीचा लोखंडी पाइप आणून माझ्या हाती दिला. पान्याच्या दांड्यात तो पाइप सरकवला, टोकाला धरून खाली दाबला आणि नट असा सुटला की मीच तोल जाऊन बसले. पाचही नट त्याने मलाच सोडायला लावले. जाताना इतकेच म्हणाला, "नट पहले ढीले, जॅक बाद में, बहनजी." मी जॅक आधी लावून बसले होते. तसला पाइप आता माझ्या डिकीत असतो आणि टायरवाल्याकडे गेले की शेवटचा पीळ साध्या पान्याने द्यायला लावते.

डिकीवरून आठवले. गाडीवर गोव्याची नंबरपाटी पाहिली की दारूच्या संशयाने सीमेवरच्या नाक्यांवर गाडी बाजूला घ्यायला सांगतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या खेपेस एका नाक्यावर शिपायाला माझ्या डिकीत विस्कीची बाटली सापडली. तिच्यात घरचे आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट आंबट रस होता. आपल्याकडे आगळ दुसऱ्या कशात भरतात? त्याने बूच काढले, वास घेतला, प्रकाशात धरून तो काळपट लाल रंग पाहिला आणि पुन्हा वास घेतला. मी त्याला चमचाभर पाण्यात घालून मीठ टाकून दिले. तो प्याला, तोंड वाकडे केले आणि हाताने जा म्हणून खूण केली. एरवी फास्टॅग 2021 मध्ये सक्तीचा झाल्यापासून टोलनाक्यावरही कोणाशी बोलावे लागत नाही, आणि एकट्या माणसाचा आख्खा दिवस पेट्रोलपंपावरच्या दोन वाक्यांत जाऊ शकतो.

व्यवस्थेचे विचाराल तर ती फारशी नाही. सकाळी निघताना आणि संध्याकाळी पोहोचल्यावर भावाला संदेश, मोबाइलवरून त्याला माझी गाडी कुठे आहे ते दिसते, राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक 1033 डॅशबोर्डवर चिकटवलेला. लॉज निवडताना खोलीच्या आधी गाडी लावायची जागा पाहते. नोंदवहीत सोबत्यांच्या रकान्यात आडवी रेघ मारते.

यंदा भाची म्हणते, मलाही यायचे आहे. तिच्याकडे परवाना आहे, ती चांगली चालवते आणि कन्नडची गंमत ऐकायला कोणी असेल, हेही खरे. मी हो म्हटले आहे. अट एकच घातली: दुपारी दोन वाजता मी गाडी सावलीला लावून खुर्ची मागे टाकीन, तेव्हा "आत्या, आता राहिलंच किती" असे म्हणायचे नाही. विचार करून सांगते, म्हणाली.